नोटीस आणि निकाल यांच्या मधले: विद्यापीठांच्या शिस्तव्यवस्था शेजारी ठेवून पाहताना

विद्यापीठांच्या शिस्तव्यवस्थांची तुलना करायची म्हटली की बहुतेक जण नियमपुस्तिकेचे शेवटचे पान आधी उघडतात. कॉपी केली तर काय, वसतिगृहात मारहाण झाली तर काय, प्रबंधात दुसऱ्याचा मजकूर सापडला तर काय, असा शिक्षांचा तक्ता तिथे दिलेला असतो, आणि ज्या विद्यापीठाचा तक्ता कडक ते विद्यापीठ शिस्तीचे अशी सोयीस्कर समजूत त्यावरून करून घेतली जाते. मला या साऱ्या कागदपत्रांत हा तक्ता सर्वांत कमी बोलका वाटतो. नोटीस हातात पडल्यापासून निकाल कळेपर्यंत विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येते, आरोप कोण ठेवतो, निर्णय कोण देतो आणि तो निर्णय नंतर बाहेरच्या कोणाला तपासता येतो का, एवढे पाहिले की व्यवस्थेची प्रत कळते.

असे वाटण्यामागे थोडा अनुभवही आहे. एका शिक्षणसंस्थेतील चौकशी समितीचे काम मी काही काळ जवळून पाहिले. ज्या प्राध्यापकांनी तक्रार नोंदवली तेच समितीचे निमंत्रक होते, आणि ज्यांच्याकडे अपील करायचे त्यांच्याच सहीने चौकशीचा आदेश निघाला होता. यात कोणाचा हेतू वाईट होता असे मुळीच नाही. सगळे आपापल्या परीने प्रामाणिक होते. परंतु विद्यार्थ्याला मिळालेल्या पत्रात ‘आपल्या गैरवर्तनाबाबत खुलासा करावा’ एवढेच लिहिलेले होते, आणि कोणते गैरवर्तन हे त्याला समितीसमोर बसल्यावर कळले. त्यानंतर मी निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांचे नियम आणि त्यांवर लागलेले न्यायनिवाडे वाचू लागलो. या लेखात त्यांतील काही व्यवस्था शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

आरंभी हे लक्षात घ्यायला हवे की विद्यापीठ स्वतःच पोलीस, स्वतःच न्यायालय आणि स्वतःच तुरुंग, ही अवस्था फार जुनी नाही. जर्मन विद्यापीठांना त्यांच्या विद्यार्थ्यांवर स्वतंत्र अधिकारक्षेत्र होते आणि त्यासाठी त्यांच्याकडे स्वतःच्या कोठड्याही होत्या. हायडेलबर्गची अशी कोठडी १९१४ पर्यंत वापरात होती आणि आज ती पाहायला पर्यटक जातात. रात्री गोंधळ घालणे, द्वंद्वयुद्ध करणे, नगररक्षकांची खोड काढणे अशा कारणांसाठी विद्यार्थ्यांना तिथे काही दिवस किंवा काही आठवडे डांबत. व्याख्यानांना मात्र त्यांना सोडत. कैद झालेल्यांनी भिंती नावांनी, सावल्यांसारख्या काळ्या आकृत्यांनी आणि विनोदी ओळींनी भरून टाकल्या, इतक्या की पुढे पुढे एकदा तरी आत जाऊन आल्याशिवाय विद्यार्थिजीवन पुरे झाल्यासारखे वाटत नसे. धाक बसवण्यासाठी काढलेल्या शिक्षेचा मान व्हावा, याहून शिक्षेचा मोठा पराभव तो कोणता! केंब्रिजमध्ये तर विद्यापीठाच्या शिस्त-अधिकाऱ्यांना केवळ विद्यार्थ्यांवरच नव्हे, तर त्यांच्यासोबत रस्त्यात दिसणाऱ्या संशयित स्त्रियांवरही अधिकार होता. त्यांना पकडून, कुलगुरूंच्या न्यायासनासमोर बंद दाराआड उभे करून, विद्यापीठाच्याच कोठडीत ठेवता येत असे. हा अधिकार १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने संपला. आरोप ठेवणारा आणि न्याय देणारा एकच असेल तर अधिकाराची कक्षा आपोआप वाढत जाते, याची इतकी ढळढळीत उदाहरणे फार थोडी असतील.

आता त्या व्यवस्थेकडे वळतो जिथे प्राध्यापक आणि प्रशासन बाजूला होतात आणि विद्यार्थीच विद्यार्थ्याचा न्याय करतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाची मानसंहिता (‘ऑनर कोड’, म्हणजे विद्यार्थ्याच्या शब्दावर विसंबणारी आचारसंहिता) हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. तिची पार्श्वभूमी रक्तरंजित आहे. १८४० च्या नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाच्या आवारात दंगा चालू असताना तोंडावर मुखवटा घातलेल्या एका विद्यार्थ्याने जॉन डेव्हिस या कायद्याच्या प्राध्यापकांवर गोळी झाडली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातील वैर इतके विकोपाला गेल्यावर, १८४२ मध्ये, हेन्री सेंट जॉर्ज टकर या प्राध्यापकांनी सुचवले की उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने आपण कोणाचीही मदत घेतलेली नाही असे स्वतःच्या शब्दावर लिहून द्यावे आणि तो शब्द प्रमाण मानावा. त्या एका ओळीतून पुढे संपूर्ण यंत्रणा उभी राहिली. तपास विद्यार्थी करतात, बाजू विद्यार्थी मांडतात, निकालही विद्यार्थीच देतात. खोटे बोलणे, फसवणूक आणि चोरी हे तीनच अपराध. आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ शिक्षा एकच, विद्यापीठातून कायमची हकालपट्टी.

या एकमेव शिक्षेचे परिणाम बारकाईने पाहण्यासारखे आहेत, कारण कडक तक्त्यावर श्रद्धा असणाऱ्यांना त्यांतून बरेच कळावे. शिक्षा एकच असली की दोषी ठरवण्याचा निकष तिच्या वजनाखाली वाकतो. व्हर्जिनियात केवळ कृत्य सिद्ध होऊन भागत नसे. ते जाणूनबुजून केले आणि ते पुरेसे गंभीर होते हेही सिद्ध व्हावे लागे, आणि तेसुद्धा फौजदारी खटल्याप्रमाणे वाजवी संशयाच्या पलीकडे. गृहपाठातील एका उताऱ्यासाठी सहाध्यायाचे सारे शिक्षण संपवायचे का, असा प्रश्न समोर आला की पंच म्हणून बसलेले विद्यार्थी ‘गंभीर’ या शब्दाचा आधार घेत असत, आणि तक्रार करू शकणारे प्राध्यापक तक्रारच करीत नसत. परस्पर गुण कापून प्रकरण मिटवणे हा मग सर्वांनाच सोपा मार्ग वाटू लागतो. म्हणजे कागदावर जगातली सर्वांत कठोर व्यवस्था आणि प्रत्यक्षात प्रत्येक वर्गात वेगळा, नोंद नसलेला न्याय. आधी कबुली देणाऱ्यास सवलत, मग २०१३ पासून आरोप कळल्यानंतरही कबुली देऊन वर्षभर बाहेर राहण्याची मुभा, अशा पायऱ्यांनी ती एकमेव शिक्षा सैल होत गेली. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून हकालपट्टीच्या जागी दोन सत्रांची अनुपस्थिती आणली, आणि पुढच्याच वर्षी प्रकरणागणिक शिक्षा ठरवण्याची पद्धत स्वीकारली. हा बदल मवाळपणाचा आहे अशी टीका झाली. मला तो उलट शिस्त खऱ्या अर्थाने वापरात आणणारा वाटतो, कारण जी शिक्षा द्यायला हात धजत नाही तिच्या भीतीने कोणी फारसे सुधारत नाही.

प्रिन्स्टनमध्ये १८९३ पासून दीर्घकाळ लेखी परीक्षेला पर्यवेक्षक नसे. प्रश्नपत्रिका देऊन प्राध्यापक बाहेर जात आणि गैरप्रकार दिसल्यास तो कळवणे हे विद्यार्थ्यांचेच कर्तव्य मानले जाई. परीक्षेच्या खोलीतील प्रकरणे विद्यार्थ्यांची समिती पाहते, तर घरी लिहिलेल्या निबंधातील वाङ्मयचौर्य प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या संयुक्त समितीकडे जाते. एकाच विद्यापीठात, एकाच स्वरूपाच्या फसवणुकीसाठी, ती कुठे घडली यावरून न्यायासन बदलते. स्टॅनफर्डची मानसंहिता १९२१ ची. तीतही पर्यवेक्षणावर बंदी होती, पण २०२३ मध्ये काही परीक्षांत पर्यवेक्षक ठेवून पाहण्याच्या प्रयोगाला मान्यता द्यावी लागली. लष्करी अकादम्यांत याहून एक पाऊल पुढे जातात: वेस्ट पॉइंटच्या संहितेनुसार दुसऱ्याची फसवणूक खपवून घेणे हाही अपराध. सहाध्यायाविरुद्ध तोंड उघडण्याचे कर्तव्य लादून विश्वास वाढतो की कमी होतो, याविषयी माझे मत साशंक आहे.

हार्वर्डने तर प्रतिज्ञेची अशी संहिता आणि तीसाठीचे मंडळ २०१५ मध्ये आणले. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसवरील एका अभ्यासक्रमाच्या घरी सोडवायच्या परीक्षेत सुमारे १२५ विद्यार्थ्यांची उत्तरे संशयास्पदरीत्या सारखी निघाली होती, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना काही काळासाठी विद्यापीठ सोडावे लागले. त्या प्रकरणात वादाचा मुद्दा होता तो असा की पुस्तके, टिपणे आणि इंटरनेट वापरायला परवानगी असलेल्या परीक्षेत परस्परांशी चर्चा नेमकी कुठे थांबायची. नियम संदिग्ध असतो तिथे शिस्तभंगाची चौकशी ही प्रत्यक्षात नियमाच्या अर्थाचीच चौकशी होऊन बसते.

दुसरा प्रवाह न्यायालयांमधून आलेला आहे, आणि भारतातील व अमेरिकेतील त्याचा आरंभ जवळजवळ एकाच वेळचा असावा ही गोष्ट मला फार रोचक वाटते. १९६० मध्ये अलाबामा स्टेट कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मॉंटगोमेरीच्या न्यायालय-इमारतीतील, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन जेवण मागितले. त्यांच्यापैकी काहींना कोणतीही सुनावणी न देता काढून टाकण्यात आले. १९६१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ठरवले की सरकारी विद्यापीठाला विद्यार्थी काढायचा असेल तर आधी आरोप कळवला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. तोवर विद्यापीठे पालकाच्या भूमिकेचा दाखला देत. आणि पालक मुलाला नोटीस देत नाही, हा त्यांचा युक्तिवाद असे. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचे परीक्षा मंडळ विरुद्ध घनश्याम दास गुप्ता या खटल्यात हेच तत्त्व परीक्षेच्या संदर्भात मांडले. गैरप्रकाराच्या संशयावरून तिघा विद्यार्थ्यांचा निकाल रद्द झाला होता आणि त्यांना पुढच्या परीक्षेलाही बसण्यास मनाई करण्यात आली होती. त्यांना विचारले मात्र कोणीच नव्हते. परीक्षा समिती हे काम न्यायिक स्वरूपाचे करते, म्हणून विद्यार्थ्याला बाजू मांडू दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

तिथून पुढे मात्र दोन्ही देशांच्या वाटा फुटल्या. भारतीय न्यायालयांनी सुनावणीचे तत्त्व कायम ठेवले, पण तिचा आकार परिस्थितीवर सोपवला. १९७० मध्ये बिहार शालान्त मंडळाच्या प्रकरणात एका केंद्रावरील सर्वच परीक्षार्थींची परीक्षा सामुदायिक कॉपीच्या कारणाने रद्द झाली होती. कोणा एकावर ठपका नसल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र सुनावणी देण्याची गरज नाही, असा निर्णय झाला. व्यवहार म्हणून तो समजण्यासारखा आहे. तरीही सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि त्या केंद्रावर स्वतःच्या अभ्यासाने पेपर लिहिलेल्याला सांगण्यासारखे या निर्णयात काही नाही.

१९७३ चा रांची येथील राजेंद्र मेडिकल कॉलेजचा निवाडा याहून अवघड आहे, आणि माझ्या मते शिस्तव्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे. आदल्या वर्षी एका रात्री काही विद्यार्थी मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले आणि त्यांनी अत्यंत अश्लाघ्य वर्तन केले. छत्तीस विद्यार्थिनींनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. प्राध्यापकांच्या चौकशी समितीने मुलींचे जबाब संशयितांच्या गैरहजेरीत घेतले आणि त्यांची छायाचित्रे इतर अनेक विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांत मिसळून मुलींसमोर ठेवली. मुलींनी ती ओळखली. त्यानंतर विद्यार्थ्यांना बोलावून आरोप सांगण्यात आला आणि त्यांचे लेखी म्हणणे घेण्यात आले. दोन वर्षांसाठी काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांचा आक्षेप असा की साक्षीदार आमच्यासमोर तपासले नाहीत, उलटतपासणी करू दिली नाही, समितीचा अहवालही दिला नाही. न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. त्याच वसतिगृहात राहणाऱ्या, त्याच आवारातून रोज ये-जा करणाऱ्या मुली त्या मुलांसमोर उभ्या राहून साक्ष देणार नाहीत, आणि तसा आग्रह धरला तर अशा तक्रारी कधी सिद्धच होणार नाहीत, हे त्यामागचे कारण.

याच्या शेजारी अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे ऑगस्ट २०२० पासून लागू झालेले नियम ठेवून पाहावेत. लैंगिक छळाच्या औपचारिक तक्रारीत विद्यापीठाने प्रत्यक्ष सुनावणी घेतली पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या सल्लागारांना समोरच्या पक्षाची उलटतपासणी करू दिली पाहिजे, अशी त्यांत सक्ती आहे. दोन्ही पक्ष वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनिचित्राच्या माध्यमातून बोलू शकतात, पण प्रश्न थेट विचारले जाणारच. त्याआधी २०११ च्या परिपत्रकाने संभाव्यतेचे पारडे ज्या बाजूला झुकेल तो निर्णय, हा सौम्य निकष सांगितला होता. मधल्या काळात अनेक विद्यापीठांच्या घाईच्या निर्णयांना आरोपी विद्यार्थ्यांनी न्यायालयांत आव्हान दिले, आणि त्यातून उलटतपासणीचा आग्रह पुढे आला. २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते बदल रद्द ठरवले. सरकार बदलले की न्यायाची पद्धत बदलते, आणि चार वर्षांच्या एका पदवीच्या काळात विद्यार्थ्याला दोन वेगवेगळ्या पद्धती भेटतात, हे काही भूषणावह नाही. तरीही रांचीच्या मुलींची अडचण खरी होती आणि ज्याचे करिअर पणाला लागले आहे त्याला आरोप करणाऱ्याला प्रश्न विचारावासा वाटणेही खरे आहे. मला स्वतःला समितीच्या अध्यक्षामार्फत लेखी प्रश्न विचारण्याचा मधला मार्ग पटतो. त्यात प्रश्न पोहोचतात आणि धाकदपटशाला वाव राहत नाही.

अमेरिकी न्यायालयांनी आणखी एक रेघ ओढली ती १९७८ च्या मिसुरी विद्यापीठाच्या खटल्यात. वैद्यकीय विद्यार्थिनीला तिचे रुग्णालयातील काम निकृष्ट ठरवून काढले, तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणाले की हा शैक्षणिक मूल्यमापनाचा निर्णय आहे, शिस्तीचा नाही. त्यासाठी सुनावणीची सक्ती नाही. रेघ दिसायला स्वच्छ आहे. पण वाङ्मयचौर्य हे त्या रेघेच्या नेमके मधोमध बसते: उतारा उचललेला आहे की नाही हे विषयाच्या जाणकाराने सांगायचे, आणि तो लबाडीने उचलला का, हे मात्र न्यायाधीशाच्या चष्म्यातून पाहायचे. बहुतेक विद्यापीठांत हे दोन्ही प्रश्न एकच प्राध्यापक एकाच बैठकीत सोडवून मोकळे होतात.

चीनमधील एक खटला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण नोटीस नावाच्या क्षुल्लक वाटणाऱ्या कागदाची किंमत त्याइतकी स्पष्ट मला इतरत्र कुठे दिसली नाही. बीजिंगच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात १९९६ मध्ये एका विद्यार्थ्याने विद्युतचुंबकत्वाच्या पेपरला सूत्रे लिहिलेली चिठ्ठी सोबत नेली. मध्येच तो स्वच्छतागृहात गेला तेव्हा चिठ्ठी खाली पडली आणि पर्यवेक्षकाने ती पाहिली. त्याने ती वापरल्याचे मात्र कोणी पाहिले नव्हते. विद्यापीठाने त्याला काढून टाकण्याचा निर्णय घेतला, पण तो निर्णय त्याला कधी दिलाच नाही. तो वर्गात बसत राहिला, परीक्षा देत राहिला. त्याचे ओळखपत्र हरवले तर विद्यापीठाने नवे दिले, शुल्क घेतले, प्रकल्प करून घेतला. १९९८ मध्ये पदवी घ्यायची वेळ आली तेव्हा त्याला सांगण्यात आले की तू तर दोन वर्षांपूर्वीच विद्यार्थी राहिलेला नाहीस. १९९९ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने विद्यापीठाला अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र देण्याचा आणि पदवीसाठी त्याची पात्रता तपासण्याचा आदेश दिला. विद्यापीठाचा नियम राष्ट्रीय नियमाहून कठोर होता आणि निर्णय विद्यार्थ्याला बजावलाच नव्हता, म्हणून तो टिकू शकत नाही, असा निष्कर्ष होता. विद्यापीठावर असा दावा चालतो हेच तोवर तिथे स्पष्ट नव्हते. २०१४ मध्ये सर्वोच्च लोकन्यायालयाने हा खटला खालच्या न्यायालयांसाठी मार्गदर्शक म्हणून प्रसिद्ध केला, आणि आज तिथल्या राष्ट्रीय नियमांत म्हणणे मांडण्याची संधी, विद्यापीठांतर्गत अपील समिती आणि तिच्यावर प्रांताचे शिक्षण खाते अशी रचना आहे.

युरोपातील दोन पद्धती थोडक्यात. जर्मनीत परीक्षेतील फसवणूक हा परीक्षा नियमांचा आणि प्रशासकीय कायद्याचा विषय. पेपर नापास ठरतो, गंभीर प्रकरणात नाव कमी होते, आणि विद्यार्थी थेट प्रशासकीय न्यायालयात जाऊ शकतो. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात तर त्यासाठी ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. परीक्षेबाहेरचे वर्तन मात्र पोलिसांनी पाहावे अशी धारणा असल्याने बर्लिनने २०२१ मध्ये विद्यापीठांचा शिस्तीचा अधिकारच काढून टाकला. २०२४ च्या फेब्रुवारीत एका ज्यू विद्यार्थ्याला त्याच्याच विद्यापीठातील दुसऱ्या विद्यार्थ्याने जबर मारहाण केली, आणि हल्लेखोराला आवारात येण्यापासून फार काळ रोखण्याचे साधन विद्यापीठाकडे नाही हे लक्षात आले; त्याच वर्षी तो अधिकार कायद्याने परत आणावा लागला. फ्रान्समध्ये प्रत्येक विद्यापीठात शिस्तविभाग असतो, त्यात विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात, आणि शिक्षा ताकिदीपासून सुरू होऊन देशातील सर्वच सरकारी उच्चशिक्षण संस्थांतून बहिष्कृत करण्यापर्यंत जाऊ शकते. २०२० पासून तिथल्या विद्यार्थ्यांची अपिले राष्ट्रीय उच्चशिक्षण परिषदेऐवजी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. एका विद्यापीठाच्या समितीने साऱ्या देशाची दारे बंद करावीत, हा अधिकार मला अति वाटतो, अपील कितीही चांगले असले तरी.

मला सर्वांत सुज्ञ वाटलेली रचना इंग्लंड आणि वेल्सची. पूर्वी सनदी विद्यापीठांतील तक्रारी त्या त्या विद्यापीठाच्या ‘व्हिजिटर’ नामक मानकऱ्याकडे जात, म्हणजे बहुधा बिशप, उमराव किंवा राजघराण्याच्या वतीने नेमलेला कोणी न्यायाधीश. २००४ च्या उच्चशिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र निवाडा कार्यालयाची व्यवस्था केली. विद्यापीठातील सर्व पायऱ्या संपल्या की विद्यार्थ्याला तसे प्रमाणित करणारे पत्र मिळते. ते हाती आल्यापासून १२ महिन्यांत त्याला या कार्यालयाकडे जाता येते आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, खर्च विद्यापीठांच्या वर्गणीतून चालतो. कार्यालय दोषी कोण हे नव्याने ठरवत नाही. विद्यापीठाने स्वतःचे नियम पाळले का, नियम मुळात न्याय्य होते का, आणि निर्णय वाजवी होता का, एवढेच ते पाहते. शैक्षणिक मूल्यमापनात त्याला हात घालता येत नाही. परंतु तपासणाऱ्याने लबाडीचा हेतू कशावरून मानला, शिक्षा तेवढीच का दिली, हलकी का दिली नाही, याची कारणे मागता येतात. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे निवडक प्रकरणांचे सारांश नावे वगळून प्रसिद्ध होतात. एका विद्यापीठात पर्यवेक्षकाची नोंद विद्यार्थ्याला न दाखवल्यामुळे निर्णय फिरला, तर दुसऱ्या विद्यापीठाचा कुलसचिव ते वाचून आपली कार्यपद्धत बदलू शकतो.

या व्यवस्थेला उणिवा नाहीत असे नाही. आधी विद्यापीठातील साऱ्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तोवर शैक्षणिक वर्ष हातचे गेलेले असते. फौजदारी स्वरूपाच्या प्रकरणांत तर १९९४ च्या एका अहवालाच्या आधारे विद्यापीठे दोन दशके पोलिसांकडे बोट दाखवून स्वस्थ बसत. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारीने पोलिसांत जायचे नाही ठरवले तर विद्यापीठही काही करीत नसे. २०१६ मध्ये हे मार्गदर्शन बदलले.

आता पुराव्याविषयी, कारण यंत्रांनी हा प्रश्न पार बदलून टाकला आहे. १९६२ मध्येच भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर लागोपाठच्या आसनक्रमांकांच्या दोन उत्तरपत्रिकांत सारख्याच चुका असल्याचे प्रकरण आले, तेव्हा त्यावरून कॉपीचा निष्कर्ष काढणे न्यायालयाने मान्य केले, आणि ते योग्यच होते: दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणालाही ते पाहता येत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर ओळखणाऱ्या साधनांत असा दुसरा कागदच नसतो. साधन एक टक्केवारी देते आणि ती कशी आली हे प्राध्यापकालाही सांगता येत नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०२३ मध्ये साधा हिशेब मांडला: आदल्या वर्षी सुमारे ७५,००० निबंध तपासणीला गेले होते, आणि साधन शंभरात एकदाच चुकते हे कंपनीचे म्हणणे खरे धरले तरी सुमारे ७५० निर्दोष निबंधांवर ठपका आला असता. त्यांनी ते साधन बंद केले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम साम्याच्या टक्केवारीवरच शिक्षेच्या पायऱ्या ठरवतात: १० टक्क्यांपर्यंत काही नाही, ४० पर्यंत सुधारून पुन्हा सादर करणे, ६० पर्यंत वर्षभर मनाई, त्यापुढे नोंदणी रद्द. आकड्याने मनमानीला आळा बसतो हे कबूल. पण दुसऱ्याची मध्यवर्ती कल्पना स्वतःच्या शब्दांत उचलणारा सहज १० च्या आत राहतो, आणि कार्यपद्धतीचे ठरीव परिच्छेद लिहिणारा प्रामाणिक संशोधक ४० च्या जवळ पोहोचतो. आकडा हा चौकशी सुरू करण्याचे कारण असावा. त्यालाच निकाल मानले की सुनावणीत विचारण्यासारखे काही उरत नाही.

दंडाचेही असेच. २०२३ च्या अखेरीस दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या नियमावलीत शैक्षणिक इमारतींपासून १०० मीटरच्या आत निदर्शने केल्यास २०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. निदर्शनांविषयी कोणाचे मत काहीही असो, रुपयांतला दंड ही शिस्तीच्या शिक्षांतील सर्वांत विषम शिक्षा आहे; शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला तो निष्कासनाइतका जड जातो आणि सुखवस्तू घरातल्या मुलाच्या खिशाला त्याची झळही लागत नाही. फ्रान्सने २०२० मध्ये हलक्या अपराधांसाठी ४० तासांपर्यंतच्या समाजोपयोगी कामाचा पर्याय ठेवला आहे, तो मला दंडाहून कितीतरी बरा वाटतो.

भारतात आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठाला लोकपाल नेमण्यास सांगितले आहे. निवृत्त कुलगुरू, ज्येष्ठ निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश त्या पदावर बसू शकतात. इंग्लंडच्या कार्यालयाशी तुलना करता दोन गोष्टी चटकन नजरेत भरतात. हा लोकपाल विद्यापीठच नेमते. आणि तक्रारींच्या व्याख्येत प्रवेश, शुल्क, अडवून ठेवलेली कागदपत्रे, मूल्यमापनातील अन्याय असे बरेच काही असले तरी शिस्तभंगाच्या शिक्षेविरुद्धचे अपील हा त्या नियमांचा मुख्य विषय नाही. त्यामुळे वर्षासाठी निलंबित झालेल्या विद्यार्थ्यापुढे आजही कुलगुरूंकडे अर्ज आणि त्यानंतर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका एवढेच मार्ग उरतात, आणि याचिका सुनावणीला येईपर्यंत निलंबनाचे वर्ष बहुधा भरून गेलेले असते.